बाईंची खोटी बटणं

मागच्या वर्षी तपासणीच्या मॅडम घरी आल्या तेव्हा बाईंनी त्यांना स्वतःच्या हाताने चहा करून दिला, आणि घात झाला तो तिथेच.

बाई म्हणजे क्लासच्या बाई. पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास चालवून त्यांनी आसपासच्या आयांना आणि मग त्या आयांच्या मुलींना सुई धरायला शिकवलं होतं. त्यांच्या नवऱ्याला सगळे वायरमन म्हणत, कारण तो वायरमन होता. बाईंना सगळे अहो-जाहो करत आणि वायरमनला कोणीच करत नसे. तेव्हा इतक्या वर्षांनी आपणच कशाला नवा पायंडा पाडा.

दोन वर्षांपूर्वी बाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात मांडीवर पडून राहू लागला, पाय चालताना मागे रेंगाळू लागला. जीभ मात्र शाबूत राहिली, उलट तिला थोडी धारच आली. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांना सरकारी योजनेतून एक मदतनीस मिळाली. म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना आपल्याच घरात राहता यावं, म्हणून सरकारने काढलेली ही योजना. ही मदतनीस, म्हणजे ताई, रोज सकाळी दोन तास यायची. बाईंना उठवायची, अंघोळ घालायची, कपडे चढवायची, पायाचा व्यायाम करून घ्यायची आणि जाता जाता वायरमनच्या हातचा चहा पिऊन त्याला नावं ठेवायची. सगळं छान चाललं होतं. पण सरकारचं म्हटलं की तपासणी आलीच. वर्षातून एकदा एक मॅडम यायच्या, माणसाला खरोखर किती मदत लागते ते बघायच्या आणि त्यावरून तास ठरायचे.

आता अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? पडून राहावं आणि जे आहे ते दिसू द्यावं. पण पाहुणा दारात आणि आपण बसलेल्या, हे बाईंच्या रक्तातच नव्हतं. मॅडमनी बेल वाजवायच्या आत बाई पलंगाची कड, मग कपाटाचा कोपरा, मग शिवणयंत्राची कड धरत दारापर्यंत पोचल्या होत्या. केस नीट विंचरलेले, अंगात निळा झगा, त्यावर समोर चकचकीत बटणांची रांग.

"चालता येतं का?" मॅडमनी विचारलं.

"आत्ता दार कोणी उघडलं?" बाई म्हणाल्या.

"अंघोळ?"

"माझी मी करते."

"कपडे घालायला त्रास होत असेल ना?"

बाईंनी झग्यावरून हात फिरवून बटणं दाखवली. त्या बटणांची गोष्ट वेगळीच आहे, ती पुढे येईल. वायरमन मागे उभा राहून आवाज गेलेल्या टीव्हीसारखं नुसतं तोंड हलवत होता. मॅडम चहा पिऊन, बाईंच्या जिद्दीचं कौतुक करून गेल्या. दार लागलं आणि बाई ज्या पलंगावर आडव्या झाल्या त्या पुढचे दोन दिवस उठल्या नाहीत. पुढच्याच महिन्यात दोन तासांचा एक तास झाला.

एका तासात काय होतं? अंघोळ घालावी तर व्यायाम राहतो, व्यायाम करावा तर कपडे राहतात. उरलेलं सगळं वायरमनच्या पाठीवर आलं, आणि ती पाठ काही नवी नव्हती. आयुष्यभर शिडीवर चढून लोकांच्या छताला पंखे लावणाऱ्याची पाठ ती. वाकलं की कळ यायची. वायरमन ती कळ गिळायचा, तोंड भिंतीकडे करून. बाईंना त्यातलं काही माहीत नाही, असा त्याचा पक्का समज होता.

त्याने बाईंसाठी पलंगाच्या कठड्याला एक बेलही बसवली होती. दाबायचं बटण उजव्या हाताशी, घंटा स्वयंपाकघरात. दुकानात उभा राहून, सगळ्या घंटा वाजवून बघून, दुकानदाराला वात आणून त्यातल्या त्यात गोड आवाजाची घंटा त्याने निवडली होती. "काही लागलं की दाब," असं त्याने मोठ्या हौसेने सांगितलं होतं. बाईंनी त्या बटणाकडे असं पाहिलं की ते बटणच ओशाळलं असावं.

"बेल वाजवायला मी काय हॉटेलात उतरलेय?"

आणि बाईंनी ती बेल कधीच वाजवली नाही. त्या आपलं आपण उठायला जायच्या, काहीतरी पडायचं, आणि त्या आवाजाने वायरमन धावायचा. घरातले बरेचसे पेले त्यापायी चेपले होते.

या वर्षी तपासणी जवळ आली तशी ताईने वायरमनला जिन्यात गाठलं.

"काका, या वेळी पण काकूंनी चहा केला ना, तर संपलं. माझा एक तासही बंद करतील."

"आणि मग?"

"मग तुम्ही एकटे. नाही झेपलं तर म्हाताऱ्यांचा निवास आहेच सरकारचा. चांगला आहे तसा. बाग आहे. बायकांची इमारत इकडे, पुरुषांची तिकडे. संध्याकाळी तासभर भेटू देतात."

वायरमनने कठडा धरला. लग्न झाल्यापासून तो सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत बाईंची बोलणी खात आला होता. ती संध्याकाळच्या एका तासात कशी बसायची? तो हसून ताईला काहीतरी बोलला खरा, पण डोळ्यांपुढे तेच. बाई तिकडे आणि आपण इकडे, मधे बाग. तो खरोखर घाबरला.

म्हणून आधी त्याने सरळ मार्ग धरला. बाईंच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसला.

"अगं, या वेळी नुसतं खरं सांग."

"मी कधी खोटं बोलले?"

"अंघोळ माझी मी करते, असं म्हणालीस."

"करतेच. तुम्ही नुसतं पाणी ओतता."

"आणि साबण?"

"तुम्ही साबण लावता त्याला अंघोळ म्हणत नाहीत."

वायरमनने कपाळाला हात लावला. पण माघार घेतली नाही. दुसऱ्या दिवशी ताई असताना त्याने रंगीत तालीमच लावली. तो स्वतः मॅडम झाला. बाईंचा चष्मा नाकावर, पेनाऐवजी खिशात टेस्टर, बगलेत पिशवी. बाहेर जाऊन त्याने दारावर टकटक केली. आत येऊन बघतो तर बाई पलंगावरून उठून कपाटापर्यंत आलेल्या.

"अगं, बसून राहायचंय तुला!"

"दारात माणूस उभा आणि मी बसू? मला कोणी वळण लावलं नाही का?"

दुसऱ्यांदा ताईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवून ठेवलं.

"पाय कसा आहे?" वायरमनने मॅडमच्या आवाजात विचारलं.

"छान," बाई म्हणाल्या. ताईने चिमटा काढला. "म्हणजे वाईट. पण छान वाईट आहे."

तिसऱ्यांदा मात्र बाईंनी मनावर घेतलं. मनावर घेतलं की बाई काही अर्धवट करत नसत. डोळे पांढरे केले, मान टाकली, तोंड वाकडं केलं आणि असा काही कण्हण्याचा सूर लावला की शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली, "काय झालं हो? येऊ का?"

"एवढं नको!" वायरमन हातातली पिशवी टाकून म्हणाला. "एवढं दाखवलंस तर संध्याकाळपर्यंत उचलून निवासात नेतील!"

बाईंनी डोळे जागेवर आणले. "मग कितपत आजारी पडू, ते माप घेऊन सांगा एकदाचं. एवढं कमी, तेवढं जास्त. माप न देता कापड बेतायला सांगता होय?"

वायरमनकडे माप नव्हतं. म्हणजे होतं, पण ते सांगता येण्यासारखं नव्हतं. बाई रोज सकाळी जशा असतात तशाच तर दिसायला हव्या होत्या. पण त्या सकाळच्या बाई जगात फक्त दोन माणसांनी पाहिल्या होत्या, एक नवरा आणि दुसरी ताई. तिसऱ्या माणसाला त्या दिसणार नाहीत, याची सोय बाईंनी अंथरुणावरही चोख ठेवली होती.

तालीम फसल्यावर ताई चप्पल घालता घालता म्हणाली, "मला पण आता घाई आहे काका. ऑफिसातून शिकाऊ मुली फिरायला लागल्यात आमच्याबरोबर. एकेकीला सगळं दाखवत बसावं लागतं."

झालं. वायरमनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

शिकायला आलेल्या मुलीसमोर बाई कधी पाहुणचार करत नसत. क्लासच्या दिवसांत हे त्याने हजारदा पाहिलं होतं. गिऱ्हाईक आलं की बाई ताठ आणि गोड व्हायच्या. मुली आल्या की त्याच बाई केसांत सुया खोचून जमिनीवर बसायच्या, पाणी मागायच्या, केर काढून घ्यायच्या आणि स्वतःची चुकलेली शिलाई मुलींसमोर उसवायच्या. "चूक दाखवली नाही तर शिकणार कशा?" असं त्यांचं म्हणणं असे.

"तुम्ही काहीही बोलू नका," त्याने ताईला सांगितलं. "खोटं बोलायचं खातं माझ्याकडे."

"माझी नोकरी जाईल हां काका."

"तुम्ही फक्त गप्प बसायचं. त्याबद्दल कोणाची नोकरी गेल्याचं ऐकलंय का?"

ऑफिसातून फोन आला तो वायरमननेच घेतला. मॅडम बुधवारी येणार होत्या, ताईच्याच वेळेला. या वर्षी मॅडमही नवीन होत्या. म्हणजे बाई त्यांना ओळखणार नव्हत्या. सगळं कसं जुळून आलं होतं. फोन ठेवून तो बाईंच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मॅडमचा फोन होता. शुक्रवारी येणारेत."

बाई चष्म्यातून दाण्याएवढ्या अक्षरांचं काहीतरी वाचत होत्या. "बरं."

"आणि बुधवारी ताईबरोबर एक शिकाऊ पोरगी येणारे. काम बघायला. नुसतीच." वायरमनने दाराजवळच्या दिव्याचं बटण खाली केलं, वर केलं. "हे बटण जरा सैल झालंय वाटतं."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "बुधवारी शिकाऊ, शुक्रवारी मॅडम."

"हो." खट. खट.

"मग शुक्रवारसाठी माझा निळा झगा इस्त्री करून ठेवा," असं म्हणून बाई पुन्हा वाचायला लागल्या. वायरमन स्वयंपाकघरात जाऊन एकटाच हसला. इतक्या वर्षांत बायकोला पहिल्यांदाच बनवलं होतं, त्याचं थोडं वाईटही वाटलं आणि बरंचसं बरं वाटलं.

बुधवारी तो सकाळपासून जिन्यात उभा होता. ताई आली, आणि तिच्या मागोमाग मॅडम आल्या. उंच, तिशीच्या, पायात कापडी बूट, खांद्याला भली मोठी बॅग. आणि गळ्यात, हाताएवढं ओळखपत्र. त्यावर हुद्दा लांबूनही वाचता येईल एवढा ठळक. वायरमनच्या तोंडचं पाणी पळालं. हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

"मॅडम, एक विनंती आहे. आमच्याकडे गळ्यात काही लोंबतं घालून आत येत नाहीत."

"का बरं?"

"शिवणाचा क्लास होता ना. यंत्रात अडकतं. बाईंचा जुना नियम आहे." त्याचा हात जिन्यातल्या दिव्याच्या बटणावर होता. भर उन्हात दिवा लागला आणि विझला.

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं आणि ओळखपत्र काढून बॅगेत टाकलं. वायरमनचा जीव भांड्यात पडला.

आत बाई पलंगावर होत्या. रात्रीचा चुरगळलेला झगा, केस पिंजारलेले, डावा पाय पांघरुणाबाहेर आलेला. या अवस्थेत त्यांनी सख्ख्या बहिणीलाही कधी खोलीत घेतलं नव्हतं.

"नमस्कार आजी, मी..."

"आजी नाही, बाई म्हणायचं. आणि उशीर झालाय. बॅग तिथे ठेव आणि हात धुऊन ये."

मॅडमनी ताईकडे पाहिलं. ताई छताचा पंखा आयुष्यात पहिल्यांदा बघावा तशी बघत होती. वायरमन दाराआड श्वास रोखून उभा. मॅडम क्षणभर थांबल्या. मग बॅग खाली ठेवून हात धुवायला गेल्या.

"बाई, मला विचारायचं होतं," त्या हात पुसत आल्या, "अंघोळीला रोज मदत कोण..."

"विचारून कोणाला काही आलंय का? बाह्या वर कर. मला उठव."

मॅडम पुढे झाल्या आणि त्यांनी बाईंचा डावा हात धरून ओढला.

"सोड, सोड! तो हात ओढायचा नाही. त्याची शिलाई सुटलीय, खांद्यापासून निघून हातात येईल तुझ्या. पाठीमागून घे. हं. तुझा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकव, नाहीतर तो दुमडतो. आता एक-दोन-तीन मी म्हणणार. उठायचंय मला, तुला नाही."

पहिल्या खेपेला दोघी पुन्हा पलंगावर आदळल्या. दुसऱ्या खेपेला उभ्या राहिल्या. मॅडमचा चेहरा लाल झाला होता. ताई न राहवून पुढे झाली, तर बाई म्हणाल्या, "तू लांब हो. तिला करू दे. तू काय कायमची पुरणारेस मला?"

मग मोहीम निघाली. पलंगाची कड, कपाटाचा कोपरा, शिवणयंत्र. यंत्राशी बाई थांबल्या.

"इथे थांबायचं."

"का?"

"दम लागतो म्हणून. दुसरं काय, यंत्राची नक्षी बघायला?"

दाराआड वायरमनने मान वर केली. दम लागतो, हे शब्द त्याने बाईंच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. रोज त्या यंत्राशी थांबायच्या, त्यावरची धूळ बोटाने पुसायच्या आणि त्याच्या आळशीपणावर बोलायच्या. तो बिचारा रोज धूळ पुसत होता.

न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पुन्हा थांबा आला.

"आता हा पाय काही उचलला जात नाही," बाई म्हणाल्या. "तो हाताने उचलून आत ठेवायचा. ताई असली की ताई ठेवते, दिवसभर हे ठेवतात. अहो! कुठे दडलाय? या, दाखवा हिला."

वायरमन आला, वाकला, पाय उचलून अलगद आत ठेवला. आणि मग तो सरळच होईना. कळ अशी आली की भिंतीकडे तोंड करायलाही सवड मिळाली नाही. तो तसाच काटकोनात, एक हात बाईंच्या घोट्यावर, दुसरा हवेत.

"बघितलंस?" बाई मॅडमना शांतपणे म्हणाल्या. "मी अशी आणि हे असे. आता ह्यांना कोण सरळ करणार?"

ताईने त्याला मागून धरलं, मॅडम बाईंना धरून होत्या, आणि चौघंही त्या अरुंद दारात असे अडकले की आधी कोणी हलावं यावर थोडी चर्चा करावी लागली. शेवटी ताईने वायरमनला हळूहळू उलगडून भिंतीशी उभं केलं.

पडदा ओढला गेला. पुढचं वायरमनला फक्त ऐकू आलं.

"पाणी आधी उजव्या अंगावर घालून बघ. डाव्या अंगाला गरम-गार कळत नाही. भाजलं तरी मी ओरडणार नाही, मला पत्ताच लागणार नाही... बोटांच्या बेचक्यांत पूस, तिथे ओल राहते... घाई करू नकोस. माझी पाठ आहे ती, फरशी नाही."

मॅडम बाहेर आल्या तेव्हा कमरेपर्यंत भिजल्या होत्या. बाईंना पलंगावर बसवून त्यांनी धुतलेला झगा घेतला आणि बटणं काढायला सुरुवात केली. बटणं काही निघेनात.

बाई गालात हसल्या. "आता गंमत बघ. पण बाहेर बोलायचं नाही." त्यांनी झग्याची कड धरून ओढली आणि फर्र आवाज करत तो वरपासून खालपर्यंत उघडला. "बटणं वरून नुसती टाचलीत. आत चिकटपट्टी आहे. एका हाताने बटण लावून बघ बरं तू."

मॅडमनी स्वतःच्या सदऱ्याचं बटण एका हाताने लावायचा प्रयत्न केला. बराच वेळ केला.

"मागच्या वर्षी एक मॅडम आल्या होत्या," बाई म्हणाल्या, "बटणं बघून खूश होऊन गेल्या."

वायरमनची पाचावर धारण बसली. संपलं, आता सगळं बाहेर येणार. पण मॅडम नुसत्या म्हणाल्या, "ही टाचली कोणी?"

"ह्यांनी. म्हणून तर वाकडी आहेत. माझा एक हात गेला तशी यंत्रावर ह्यांना बसवते. इतका मठ्ठ शिकाऊ मला जन्मात मिळाला नव्हता."

मॅडम हसल्या. मग त्यांनी बाईंचे केस विंचरले, पायाचा व्यायाम करून घेतला, चुकल्या तिथे बोलणी खाल्ली. ताईचा तास केव्हाच उलटून गेला होता आणि व्यायाम अजून निम्मा बाकी होता. निघताना बाई म्हणाल्या, "हात बरा आहे तुझा. सवयीने जमेल."

वायरमन मॅडमना सोडायला जिन्यापर्यंत गेला. मॅडमनी बॅगेतून ओळखपत्र काढून पुन्हा गळ्यात घातलं.

"काका, त्या मला दुसरीच कोणी समजल्या, हे मला पहिल्या मिनिटाला कळलं. सांगणारच होते. मग म्हटलं, खुर्चीत बसून प्रश्न विचारले असते तर यातलं काय दिसलं असतं?" त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि वळल्या. "तो गळ्यात न घालायचा नियम, तो खरा होता का?"

"अगदी खरा," वायरमन म्हणाला. दिवा लागला, विझला. मॅडम हसत उतरून गेल्या.

वायरमन विजयी वीरासारखा आत आला. ताई निघून गेली होती. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, धुतलेल्या, विंचरलेल्या, वाकडी बटणं ल्यालेल्या.

"मग?" बाई म्हणाल्या. "काय म्हणाल्या मॅडम?"

"कोण मॅडम? अगं ती शिकाऊ..." त्याचा हात दिव्याच्या बटणाकडे निघाला.

"राहू द्या ते बटण. सैल नाहीये ते. लग्न झाल्यापासून बघतेय. तुम्ही खोटं बोलायला लागलात की दिवा लावता आणि घालवता. बुधवारचं सांगताना दोनदा केलंत. मी काय आंधळी आहे?"

वायरमन खुर्चीत बसला. खरं तर कोसळला.

"म्हणजे तुला माहीत होतं? मग तिला अगं-तुगं करून, बाह्या वर करायला लावून..."

"सरकारने माझी पाठ चोळली. अशी संधी परत येते का?" बाईंनी झग्याची कड नीट केली. मग त्यांचा आवाज उतरला. "तिच्याकडे मदत मागायची म्हटलं असतं ना, तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. मेले असते, पण चहा केला असता. शिकवायला मात्र मला लाज वाटत नाही. तुम्ही ते बरोबर ओळखलंत. तेवढं डोकं चालवलंत."

वायरमनला कौतुकाची सवय नव्हती.

"आणि मला वाकायला लावलंस ते?"

"तुमची पाठ धरणार, हे मला माहीत होतं. रोज धरते. भिंतीकडे तोंड केलं म्हणून नवऱ्याची कळ बायकोला दिसत नाही होय?" बाईंनी तोंड फिरवलं. "जिन्यातलं बोलणं इथवर ऐकू येतं. मला नाही जायचं कुठल्या बागेपलीकडे. तुम्हाला कोण बोलणार तिकडे?"

वायरमनने नाक पुसलं आणि शिवणयंत्रावरची धूळ पुसायला उठला. धूळ नव्हतीच.

पुढच्या आठवड्यात ताई जिन्यातूनच ओरडत आली. सकाळचे दोन तास परत मिळाले होते, आणि वर संध्याकाळी अर्धा तास. कारण, काकांना वाकायला मनाई करावी असं मॅडमनी सुचवलं होतं. वायरमनने तोंड आंबट केलं, पण त्या दिवशी चहात साखर जास्त पडली.

दुपारी तो गॅलरीत कपडे वाळत घालत होता आणि बेल वाजली. दोन सुरांची, गोड. त्याने हात पुसले, जाऊन दार उघडलं. बाहेर कोणी नाही. पोरं बेल वाजवून पळाली असतील म्हणून त्याने जिन्यात दोन शिव्या हासडल्या आणि दार लावलं. तो वळतो न वळतो तोच पुन्हा बेल. पुन्हा दार उघडलं, पुन्हा कोणी नाही. तिसऱ्यांदा बेल वाजली तेव्हा तो दाराशीच उभा होता, आणि आवाज मागून, स्वयंपाकघरातून येत होता. हा आवाज त्याने दुकानात ऐकला होता. घरात कधीच नाही.

पाठीला मनाई होती हे विसरून तो धावला.

बाई पलंगावर ठीकठाक होत्या. पडलं नव्हतं काही, सांडलं नव्हतं काही. पाण्याचा पेला उशाशी भरलेला होता.

"काय झालं? काय हवंय?"

"कुठे काय? बेल चालते का बघत होते," बाई म्हणाल्या, आणि उजव्या हाताने उशाजवळचा दिवा त्यांनी लावला, घालवला, परत लावला.

वायरमन खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसला.